तीस घनफूट

८ मे १९८८, रविवार. मिस्त्रीने सांगितलेली रक्कम चार हजार दोनशे, सिमेंट-रेतीसकट. हजर मी, माझी बायको, मिस्त्री आणि आत्या. आत्याला कोणी बोलावले नव्हते. ज्या जागेवर टेप लावायची होती तिथेच ती बसलेली होती, म्हणून तीही हजर.

मी तेव्हा जळगावात एका डाळमिलमध्ये हिशेबनीस होतो. घर वडिलांचे, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची ओसरी. स्वयंपाकघर दहा फूट बाय नऊ. वर्षाचे धान्य तीन ठिकाणी विभागलेले असे. गव्हाची कोठी बाहेरच्या खोलीत, दादर ज्वारीची पलंगाखाली आणि डाळींचे डबे जमिनीवर, चुलीच्या मागे. एका रविवारी मी पाटावर बसून बायकोची पावले मोजली. सकाळच्या एका स्वयंपाकात दोनशे बारा. त्यातली एकशे चाळीस फक्त पीठ, डाळ आणि पाणी आणण्यात गेली. मी कागदावर आराखडा काढला. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, त्यावर कडप्पा, रोज लागणारे डबे हाताच्या उंचीवर, महिन्याने लागणारे वर, आणि वर्षाचे धान्य सिमेंटच्या तीन पक्क्या कोठ्यांत, भिंतीला लागून.

चार क्विंटल गहू, दोन क्विंटल दादर, वर डाळी. एकूण तीस घनफूट जागा हवी होती. स्वयंपाकघरात अशी एकच जागा होती, उत्तरेच्या भिंतीलगत सहा फूट बाय अडीच फूट. दोन फूट उंची धरली की बरोबर तीस. तिथे आत्या झोपायची. दिवसा तिथे तिची वळकटी आणि एक पत्र्याची पेटी असे.

आत्या वडिलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. माझा जन्म त्यानंतरचा. वडील गेल्यावर ती आमच्याकडे उरली, असे आम्ही म्हणत असू. उरली हाच शब्द.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, म्हातारीला उठवा, मग माप घेतो."

आत्या उठली नाही. मला म्हणाली, "अठे नको रे बापू. अठे मी निजस."

बायको म्हणाली, "आत्याबाई, कोठ्यांवर फळ्यांची झाकणं येणार आहेत. त्यांवर निजा की. पलंगच झाला तुम्हाला."

मिस्त्री हसला. "निजू द्या, वहिनी. यांचं वजन किती! एक पायली गहू."

मीही हसलो. मग आत्या भिंतीला हात देत उठली आणि मी टेपचे टोक धरले.

काम अकरा दिवस चालले. ओटा बायकोच्या मापाने छत्तीस इंच उंच केला. आत्याची उंची साडेचार फूट. तिने ओट्यावर भाकरी थापून पाहिली तेव्हा तिचे कोपर खांद्याच्या रेषेत आले. बायको म्हणाली, "राहू द्या, तुम्ही बसून भाजी निवडा." त्या दिवसापासून चुलीचे काम तिच्याकडून गेले. पावले दोनशे बाराची शहाण्णव झाली, आणि ते मी मिलमध्ये दोघातिघांना सांगितले.

कोठ्यांना गिलावा झाला. सात दिवस पाणी मारले. त्याच आठवड्यात बाजारात गव्हाचा भाव क्विंटलमागे वीस रुपयांनी उतरला. मी चार पोती आणून टाकली. आत्याने कोठीच्या आत हात फिरवला आणि म्हणाली, "शिमिट आजून वल्लं शे. येक उन्हाळा जाऊ दे, मंग भर. औंदा पत्र्याच्या कोठीतच ऱ्हाऊ दे."

पत्र्याच्या कोठ्या मी भंगारात दिल्या होत्या, एकशे दहा रुपयांना. आणि माझे गणित वेगळे होते. आमच्या गावात मे महिन्यात घातलेला पापड दोन तासांत कडक होतो. चार इंचांची भिंत बारा दिवसांत का वाळू नये? मी आत्याला म्हणालो, "तू चुलीजवळ बसून शिकलीस. मी धान्याच्याच धंद्यात आहे." खरे तर मिलमध्ये धान्य मी फक्त वहीत पाहत असे.

दरवर्षी गव्हाला एरंडेल आत्या लावायची. त्या वर्षी बायकोने लावले, घाईघाईत, आणि कोठ्या तोंडापर्यंत भरल्या.

आत्याने वळकटी ओसरीत नेली. जूनअखेर पाऊस लागल्यावर पत्र्याखालून पाणी यायला लागले. ती म्हणाली, "बाहेरनी खोलीमा कोपरा दे." तिथे माझ्या दोन्ही मुली झोपत. थोरली सातवीत होती. ती आत्यासमोरच म्हणाली, "आजीच्या अंगाला एरंडेलाचा वास येतो." कोणी तिला रागावले नाही.

धुळ्याला माझा धाकटा भाऊ होता. त्याला पत्र टाकले. त्याचे उत्तर आले, पाठव, पण तिच्या वाट्याचे धान्यही पाठव. मी हिशेब केला. माणशी वर्षाला एक क्विंटल वीस किलो, पण म्हातारे माणूस निम्मे खाते, आणि दोन महिने ती आमच्याकडे जेवलीच होती. पन्नास किलो बसले. दादरचे अर्धे पोते तिच्याबरोबर बसच्या टपावर चढवले.

सप्टेंबरात स्वयंपाकघराला आंबूस वास येऊ लागला. बायको म्हणे मोरीचा असेल. भाकरी-पोळ्यांची चव बदलली, तरी आम्ही महिनाभर खाल्ल्या. मग एक दिवस कोठीच्या खालच्या तोंडातून गहू पडेना. झाकण काढले तर वरच्या थरावर सोंडे चालत होते आणि भिंतीकडच्या बाजूला गव्हाचे गठ्ठे धरले होते.

बायको म्हणाली, "आत्याबाईंना बोलवा. त्यांच्याशिवाय हे कोणाला जमायचं?"

मी पत्रात गव्हाचे लिहिले नाही. मुलींना तुझी आठवण येते, असे लिहिले.

ती सोमवारी दुपारी आली. पेटी घेऊनच आली. मुली शाळेत होत्या. बायकोने पाणी दिले आणि सरळ कोठीकडे नेले. आत्याने कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. "गहू तपी ऱ्हायना," म्हणाली. धान्य आतून तापत होते. आधी ती वर्षभर दर गुरुवारी असा हात घालून पाहायची. आम्ही त्याला चाळा समजत असू.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आठवन कोनले येत व्हती रे? पोरींले का गव्हाले?"

तिने पदर खोचला.

ती गच्चीवर गहू पसरायची, चाळायची, निवडायची, पुन्हा एरंडेल लावायची. चार क्विंटलमधले सुमारे एक क्विंटल आम्ही वापरले होते. उरलेल्या तिनातून तिने एक क्विंटल सत्तर किलो वाचवले. बाकीचे ढोरांनाही चालले नसते. झोपायला तिला ओसरीच दिली. पेटी तिने उघडली नाही.

गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "बापू, आते तीन कोठ्या लागतीन का? गहू तं येकमाच मावस. दुसरी दादरनी. तिसरी फोडी टाक. माले तितली जागा पुरे."

तिसऱ्या कोठीची जागा दोन फूट बाय अडीच. तेवढ्यात ती पाय पोटाशी घेऊन मावली असती. मी हे मनात मोजले, आणि मोठ्याने दुसरेच मोजले. "फोडायची मजुरी, मलबा उचलायचा, खालची फरशी. तीनशे दहा रुपये. आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोठी लागेलच."

बायको ताटाकडे पाहत होती. आत्याने भाकरीचा तुकडा संपवला, ताटात पाणी ओतले आणि ते प्यायली.

शनिवारी संध्याकाळी शेवटचे सूप तिने भिंतीला टेकवले. हात धुऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

"मिलमा बाया शेतस ना निवडाले, तेसले रोज कितला देतस?"

"बारा रुपये."

"मंग माले बी दे."

बायको म्हणाली, "आत्याबाई! घरच्या माणसांकडून मजुरी घेता?"

"घरनी व्हतू तवय मांगी का?" आत्या म्हणाली.

मी पाकीट काढले. सोमवारी ती दुपारी आली होती, म्हणून तो अर्धा दिवस धरला. साडेपाच दिवसांचे सहासष्ट रुपये, आणि धुळ्याचे जाण्यायेण्याचे एस.टी. भाडे बत्तीस. मी शंभराची नोट दिली. तिने पदराची गाठ सोडून दोन रुपये मला परत दिले, आणि मी ते घेतले. आत्याला एकूण अठ्ठ्याण्णव रुपये दिले.