पायपातला चंद्र

स्टाफरूममध्ये किस्से कुणी ठरवून साठवत नाही. खडूच्या भुकटीसारखे आपोआप बसत जातात. आमच्या तासगावजवळच्या शाळेत यंदा ते सगळे माझ्याच अंगावर बसलेत. कारण मी, विज्ञानाच्या बाई, घरच्या घरी दुर्बीण करायला निघाले!

*

पुस्तकात लिहिलं होतं, एक नंबरची चष्म्याची काच घ्या. गेले चष्म्याच्या दुकानात.

“एकच काच? दुसरा डोळा चांगला हाय का बाई?”

“डोळ्याला नको हो, पायपाला बसवायचीय.”

दुकानदार जराही हसला नाही. म्हणाला, “मग पायपाला घिऊन या. नंबर तपासू!”

*

पाइप आमच्याच द्राक्षबागेतला उचलला. आतून काळा कागद चिकटवला, एका टोकाला ती काच, दुसऱ्या टोकाला घड्याळ दुरुस्तीवाल्याचं भिंग. आमचे हे बागेतून तणतणत आले. “पाइप कुठाय?” मी अभिमानानं दुर्बीण दाखवली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. “आता चंद्राला पाणी सोडतीस व्हय?”

*

पहिली चाचणी भर दुपारी, शाळेच्या गच्चीवर. टेकावरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली आणि हेडसरांना बोलावलं.

“बाई, टाकी उलटी दिसतीय.”

“सर, या दुर्बिणीत उलटंच दिसतं.”

“मग पाणी कसं सांडत न्हाई?”

हेडसर चेष्टा कधी करतात ते त्यांच्या घरच्यांनाही कळत नाही. मला तर नाहीच कळलं. मी त्यांना वर्गात नेऊन फळ्यावर आकृती काढून समजावलं. अर्धा तास!

*

मग अष्टमीच्या संध्याकाळी दुर्बीण गच्चीच्या कठड्याला बांधली आणि सगळ्या स्टाफला चंद्र बघायला बोलावलं. आधी माझं भाषण. मग एकेकानं डोळा लावला.

“लय भारी!” पीटीचे सर म्हणाले.

“काय ते खड्डे!” चित्रकलेचे सर म्हणाले.

हेडसर म्हणाले, “मला नुसतं काळं दिसतंय.”

“डोळ्याला अंधाराची सवय होऊ द्या सर!”

बिचारे पाच मिनिटं डोळा लावून उभे राहिले. तेवढ्यात माझं लक्ष पुढच्या टोकाकडं गेलं. धूळ बसू नये म्हणून लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण तसंच होतं!

घाईघाईनं काढलं. पीटीच्या सरांनी पुन्हा डोळा लावला आणि म्हणाले, “मगाशी जास्त क्लिअर होतं.”

*

सगळे हसत पांगले. मी एकटीच दुर्बीण आवरत होते. पुन्हा म्हणून हात लावायचा नाही, असं मनाशी ठरवलंसुद्धा. तेवढ्यात शाळेत खिचडी करणाऱ्या तारामावशी जिना चढून आल्या. “मला बी बघू द्या की वो बाई.”

त्यांनी पदर सावरून डोळा लावला. कितीतरी वेळ तो काढलाच नाही. मग एकदम ओरडल्या, “आवं बाई, चंद्र पळाला!”

“चंद्र न्हाई मावशी, आपण फिरतोय. पृथ्वी गरागरा फिरतीय, म्हणून तो सरकल्यासारखा दिसतो.”

“आत्ता? या घडीला?”

“व्हय.”

“माझ्यासकट?”

“तुमच्यासकट.”

मावशींनी कठडा घट्ट धरला. पायाखाली बघितलं, वर बघितलं.

“आन् मी समद्यास्नी सांगत हुते, लगीन हून शिराळ्यास्नं हितं आले, ते पुन्ना कुटं गेलेच न्हाई!”