हरलो ते मी, कार्ड नाही

माझे बाबा साठीनंतर कॉम्प्युटरवर गाड्या पळवायचे.

हे लिहू नकोस, असं मला आज सकाळी सांगण्यात आलं. म्हणून लिहितेय.

बाबांना जाऊन आज वर्ष झालं. लखनौच्या वृंदावन योजनेतल्या आमच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. नागपूरहून काका आलेत. मी पोस्टसाठी फोटो शोधत होते, तर मागून म्हणाले, "बेटा, दादाच्या पुलांबद्दल लिही ना. ते गेम-बिम कायले लिहून राहिली? अधीक्षक अभियंता होता तो. लोकं काय म्हणतील?"

म्हणू देत.

पुलांबद्दल लिहायला त्यांच्या ऑफिसातले खूप जण आहेत. गाड्यांबद्दल फक्त आई आणि मी सांगू शकतो.

तर ऐका.

रिटायर झाल्यावर बाबांनी घरी बसून ड्रॉइंग तपासायची कामं घेतली. त्यासाठी एक लॅपटॉप आला. जाड, काळा, मांडीवर ठेवला तर मांडी बधिर. आत वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पूल, इमारती, मशीनची डिझाइन करणाऱ्यांसाठी असतं ते.

२०१२च्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होते. त्याच्यावर गुपचूप एक रेसिंगचा गेम टाकला.

बाबांनी पकडलं. चिडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"अगं, या वळणाला बाहेरची कड उचललेलीच नाही! गाडी बाहेर जाणारच ना. कोणी पास केलं हे ड्रॉइंग?"

या माणसानं आयुष्यभर रस्ते बांधले आणि स्वतःची स्कूटर कधी तिसऱ्या गिअरच्या पुढे नेली नाही. त्या दिवशी स्टिअरिंग हातात आलं आणि बाबा गेले कामातून.

पण गेम अडकायचा. सुरुवातीला मस्त, मग गाडीला उचक्या लागायच्या. फॅन मिक्सरसारखा ओरडायचा.

समोरच्या घरातला बंटी, बीटेकवाला, स्वतःचा गेमिंग लॅपटॉप बाळगून असलेला. बघून हसला.

"अंकल, ये खेलने के लिए बना ही नहीं है। काम करने वाला कार्ड है, इससे बस काम लीजिए।"

बाबांनी लॅपटॉप मिटला.

'हा यासाठी बनलेला नाही' हे त्यांनी शाळेपासून ऐकलं होतं. वस्तूंबद्दल नाही, स्वतःबद्दल. इंजिनीअर व्हायचंय म्हटल्यावर गावातल्या मास्तरांनी मराठीत ऐकवलं, नोकरीत आल्यावर साहेबांनी हिंदीत.

दुसऱ्या दिवसापासून बाबा इंटरनेटवर. फोरमवर पोरं एकमेकांच्या आया-बहिणी काढत असायची, त्यातून हे कामाचं तेवढं वाचायचे. एकदा चहा पिताना मला म्हणाले,

"आतली चिप तीच आहे गं. गेमवाल्या कार्डात असते तीच. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, तेवढा डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी बनवलाय आणि नाव वेगळं ठेवलंय. थोडं मागे राहील, मान्य. पण चालणारच नाही, हे ठरवणारा हा कोण?"

ड्रायव्हर बदलून पाहिले. गेममधल्या सावल्या बंद केल्या, रिझोल्यूशन उतरवलं. थोडा फरक पडला. उचक्या होत्याच.

मग एका रविवारी आईनं टॉवेल धुवायला काढला.

सरकारी नोकरांच्या पोरांना हा टॉवेल माहीत असेल. साहेबाच्या खुर्चीवर असतो, पांढरा. रिटायर झाल्यावर बाबांनी तो मान लॅपटॉपला दिला. नीट घडी घालून त्याच्याखाली. आणि त्या मऊ घडीनं खालच्या हवेच्या सगळ्या जाळ्या बंद केलेल्या. वर लखनौचा मे महिना. कार्ड तापायचं आणि जीव वाचवायला स्वतःच हळू व्हायचं.

त्या दिवशी लॅपटॉप उघड्या टेबलावर होता. गाडी सुटली ती सुटलीच. ना उचकी, ना आरडाओरडा.

बाबांनी गेम थांबवला. दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलकडे बघितलं. आणि इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं? एवढं काय हसून राहिले?"

"अगं, गुदमरवलं होतं आपणच. आणि म्हणत होतो याच्यात दम नाही!"

बंटीला बोलावणं गेलं. दोन लॅपटॉप वायरनं जोडले. रेस लागली.

बंटी जिंकला. त्याचं चित्र जास्त सफाईनं पळत होतं, खोटं का बोलू. पण आमचंही शेवटपर्यंत अडकलं नाही. बाबा शेवटच्या वळणावर कठडा तोडून सरळ शेतात गेले.

"देखा अंकल?"

"देखा। हारा मैं हूँ, बेटा। कार्ड नहीं हारा।"

बंटी नंतर दर रविवारी यायला लागला. गेमिंग लॅपटॉप घेऊन, वळणं कशी घ्यायची ते बाबांकडून शिकायला.

तर काका, रागावू नका. तुमच्या दादाच्या पुलांवर मंत्र्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. त्या गेममध्ये बाबांचं स्वतःचं नाव आहे.

आज मी तो लॅपटॉप सुरू करून त्यांच्या फोटोशेजारी ठेवला. पांढरं कापड अंथरलेल्या टेबलावर. स्क्रीनवर त्यांची निळी गाडी, वर त्यांचं नाव.

बुद्धवंदना झाली. माणसं बसलेली. काका हळूच म्हणाले, "आता बंद कर ते. शोभत नाही."

मी आईकडे बघितलं. ती उठली, टेबलापाशी गेली. मला वाटलं, बंद करतेय.

तिनं लॅपटॉप एका हातानं उचलला, खालचं कापड दुमडून बाजूला केलं, आणि तो परत उघड्या टेबलावर ठेवला.

"याच्याखाली कापड नाही ठेवायचं," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "किती वेळा सांगायचे हे मला."

मग काकांकडे वळली.

"चालू राहू द्या, भाऊजी."

अजून चालू आहे.

बाबा, या तुम्ही. जपून नका चालवू.