मोटरचा ताबा

"भाषा तुझी, कंपायलर तुझा, आणि तो आपलाच प्रोग्रॅम घेईना?" साहेब शांतपणे म्हणाले. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची कंट्रोलर बनवणारी छोटी कंपनी होती. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात ट्रायल ठरली होती. तोवर प्रोग्रॅम चालला नाही, तर माझी भाषा गुंडाळून सगळं 'सी' या नेहमीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचं होतं.

नव्वदच्या दशकात मी ती भाषा हट्टानं बनवली होती. तिच्यात प्रत्येक वस्तूला टाइप असतो, म्हणजे तिचं काय करता येईल याचा नियम. 'लिनियर' टाइपची वस्तू एका वेळी एकाच्याच हाती राहते. दुसऱ्याला दिली की पहिल्याचा हात रिकामा. प्रोग्रॅम मशीनवर जाण्याआधीच कंपायलर हे सगळं तपासतो.

साखर वेगळी करणाऱ्या मशीनच्या मोटरचा ताबा मी लिनियर ठेवला होता. शिफ्ट बदलताना मशीन बिनधन्याचं राहू नये, म्हणून साहेबांनी प्रोग्रॅम लिहिताना तो क्षणभर जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही ऑपरेटरना दिला होता. कंपायलर तिथंच अडत होता.

"तपासणी बंद कर," साहेब म्हणाले.

"आधी तिथली शिफ्ट बदलताना बघू या." मीही काही कमी हट्टी नव्हते.

कारखान्यातली रीत चांगली होती. जाणारा ऑपरेटर मशीन आतून खरवडून, स्वच्छ करूनच पुढच्याच्या हवाली करायचा. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा हात आत होता आणि येणारा पॅनेलपाशी उभा होता.

"हात आत असताना ह्यांनी बटण दाबलं तर?" मी जाणाऱ्याला विचारलं.

"न्हाई दाबत, मॅडम. वळखीचा हाय."



परतताना जीपमध्ये साहेबच म्हणाले, "ताबा एकाकडेच ठेव. पण दुसऱ्याला आतला हात दिसला, तर त्यानं मशीन थांबवायचं नाही का?"

हे मला सुचलं नव्हतं. मी ताब्याचे दोन टाइप केले. चालू करण्याचा लिनियर. बंद करण्याचा साधा, सगळ्यांसाठी. साहेबांनी शिफ्टबदल पुन्हा लिहिला. कंपायलरनं मुकाट्यानं घेतला.

ट्रायलच्या दिवशी शिफ्ट बदलताना येणाऱ्या ऑपरेटरनं सवयीनं चालूचं बटण दाबलं. मोटर हलली नाही.

"बिघडलं जणू," तो म्हणाला.

जाणाऱ्यानं आतून हात काढला, हाताकडे एकदा पाहिलं, आणि मग आपला नंबर टाकून 'सोपव' दाबलं.

ऑर्डर मिळाली. भाषा मात्र साहेबांखेरीज दुसरं कुणी शिकलं नाही. मी कंपनी सोडल्यावर सगळं 'सी'त गेलं. वाईट वाटलं. पण एवढं कळलं, की असले नियम ओळखीच्या माणसांसाठीच लागतात. पॅनेलवर अनोळखी माणूस असता, तर जाणाऱ्यानं हात आत घातलाच नसता.