चपलांजवळची नवरी

"बाई, चपलांवर लक्ष ठेवा हं."

ओळख ना पाळख, एक बाई मला म्हणाली. नवऱ्याच्या, पोरांच्या, सासूच्या चपला माझ्या चाकांना टेकवून ठेवल्या आणि आत गादीवर जाऊन बसली. मी चपला राखायला बसलेय असंच तिला वाटलं. वाटणारच. बेळगावातल्या त्या मोठ्या साडी दुकानात चपला काढायच्या कोपऱ्यात माझी व्हीलचेअर उभी केली होती, आणि तिच्यात मी.

आत बस्ता चालला होता. माझ्याच लग्नाचा.

सकाळी आम्ही येळ्ळूरहून आलो होतो, आई, दादा आणि मी. निपाणीहून विनायक आणि त्याची आई. विनायक माझा होणारा नवरा. मी हॉस्पिटलात बिलिंगला, तो तिथल्याच लॅबमध्ये. तिथंच आमचं जमलं. शाळेत असताना झाडावरून पडले, तेव्हापासून कमरेखालचं मला काही कळत नाही. विनायकला ते चाललं. त्याच्या आईनं चालवून घेतलं.

दुकानाच्या पायऱ्या दादानं मला खुर्चीसकट चढवल्या. आत पांढरीशुभ्र गादी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेठ आडवा आला.

"गादीवर चप्पल चालत न्हाई, आक्का. लक्ष्मी हाय ती."

आई म्हणाली, "पोरीच्या पायात कुठं काय हाय?"

"चाकं म्हंजे चप्पलच की. रस्त्यावरनं आलेली."

मी म्हटलं, चाकं पुसून घेते. नाहीतर गादीची कड जरा दुमडा, तेवढी जागा मला पुरते. शेठनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईलाच म्हणाला, "आमचे गडी उचलून बसिवतील." दोन सेल्समन पुढे झाले. एकाचा हात माझ्या काखेत गेलाच. मी ओरडले, "हात लावू नका!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. कुणीतरी फिसकन हसलं.

"ऱ्हाऊ दे तिला हितंच," विनायकची आई म्हणाली. "बसूनच नेसायचा शालू. लांबनं बघितला काय, जवळनं बघितला काय."

आई आत गेली. दादा गेला. विनायक मोबाईलमध्ये बघत बघत गेला.

एका सेल्समननं शालू स्वतःच्याच कमरेला गुंडाळला, पदर खांद्यावर टाकला आणि गिरकी घेतली. नवरी दारात, आणि नवरीचा शालू मिशीवाल्याच्या अंगावर. मला मोरपंखी हवा होता. मी लांबून हात हलवला. आईनं बघितलं आणि मान खाली घातली. राणी रंग ठरला.

मग शेठनं नव्या कापडात बस्ता बांधला, गाठीला हळदकुंकू लावलं आणि नवरीच्या पदरात घालायला बाहेर आला. मागे सेल्समन मोबाईल धरून.

"हसा की ताई. अपंग नवरीचा बस्ता आमच्या दुकानात. लोकांस्नी कळू दे. पुण्याचं काम हाय."

त्याचं पुण्य, माझं तोंड. मला असा राग आला! बांधलेल्या बस्त्याची गाठ दुकानात सोडत नाहीत. अपशकुन होतो, लग्न मोडतं म्हणतात. हे मला चांगलं ठाऊक होतं. बस्ता पदरात पडला आणि मी गाठ सोडली. राणी रंगाचा शालू घसरला आणि चपलांवर पडला.

विनायकची आई किंचाळली, "मोडलंस गं लगीन! आपल्याच हातानं मोडलंस!"

"मोडू दे," मी म्हटलं. "माझा बस्ता मी आत येऊन बांधीन. न्हायतर बांधणारच न्हाय."

विनायक एवढंच म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरनं?"

परतीच्या वाटेत आई एकदाच बोलली. "तुझ्यासारखीला हे परवडत न्हाय गं."

ते वाक्य मला शेठच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मी कायदा वाचला. अपंगांच्या हक्कांचा कायदा. हॉस्पिटलात रोज अपंगांची प्रमाणपत्रं हाताळत होते, पण हा कायदा कधी उघडून बघितला नव्हता. दुकान खासगी असलं तरी गिऱ्हाइकाला आत येता आलं पाहिजे. आणि अपंग माणसाचा मुद्दाम चारचौघांत अपमान करणं हा गुन्हा आहे. गुन्हा! मी तो शब्द मोठ्यानं वाचला. आईनं चुलीपाशी मान वर केली आणि परत खाली घातली.

पोलीस ठाण्यात साहेबांनी कन्नडात विचारलं, "त्यांनी मारलं का?" नाही म्हटलं. "मग अपमान कसला?" मी कन्नडातच कलम वाचून दाखवलं. तक्रार घेईपर्यंत दारातून हलले नाही. तिथंही पायऱ्याच होत्या.

त्यानंतर शेठ आमच्या घरी आला, शालू घेऊन. फुकट. "तक्रार मागं घ्या, ताई."

"दुकानाला उतार बांधताय?"

"जागा कुठाय? पालिकेचे नियम असत्यात."

याच शेठनं, पाटीवर कन्नड मोठं पाहिजे असा हुकूम आला तेव्हा, गपगुमान पाटी बदलली होती. गावच्या पाटीवर कुठली अक्षरं असावीत यावरून आमच्या येळ्ळूरनं लाठ्या खाल्ल्या. दुकानाच्या पाटीखालच्या पायऱ्या मात्र कुणाला दिसल्या नाहीत. ना त्यांना, ना आम्हाला.

विनायकचा फोन आला. "केस मागं घे, मग आईला समजावतो."

मी नाही म्हटलं. त्यानं फोन ठेवला. मी रडले, पोटभर रडले. माणूस आवडता होता.

आता सुनावणी आहे. मी जाणार. शेठनं उतार बांधावा, गादी दुमडावी. तोवर मी सोडणार नाही. नवरा असो नसो, त्याच दुकानातून, त्याच दारानं, याच चाकांवर आत जाऊन मी मोरपंखी शालू घेणार.

आणि चपला ज्याच्या त्यानं राखाव्यात.