घरातले बूट

माझं काम बुटांचं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाचं माप घेऊन त्याच्यासाठी बूट बनवायचे, आत पातळ सेन्सर घालून त्याला चालायला लावायचं आणि तळव्यावर दाब कुठे जास्त पडतो ते स्क्रीनवर बघायचं. जिथे लाल दिसेल तिथे बुटाचा आतला तळ कोरायचा आणि पुन्हा चालवून बघायचं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हे मी बरीच वर्षं करत होते, आणि आपल्याला यातलं सगळं कळतं असा माझा समज होता.

लॉकडाऊन लागला तेव्हा बाबा आमच्याकडे होते. तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. मधुमेहानं त्यांच्या तळपायांची जाणीव गेलेली. एका सकाळी त्यांच्या पांढऱ्या मोज्यावर मला रक्ताचा डाग दिसला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

पायाच्या दवाखान्यात जखमेवर दाब पडू नये म्हणून पावलाला प्लास्टर घातलं, काही आठवड्यांनी जखम भरली, मग मी बाबांसाठी बूट केले. दीड महिन्यात जखम त्याच जागी पुन्हा उघडली. "अजून वरवरची आहे," डॉक्टरीणबाई मास्कआडून म्हणाल्या. "पण हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल."

माझी झोपच उडाली. बूट माझे होते, म्हणजे चूकही माझीच. वर्कशॉपमध्ये एका वेळी एकालाच परवानगी होती, तरी मी माझी पाळी लावून घेतली आणि आतला तळ तीनदा बदलला. बाबांना आमच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये इकडून तिकडे चालवलं. स्क्रीनवर लाल ठिपका म्हणून दिसेना. जखम मात्र जागच्या जागी.

शेवटी बुटात बटणाएवढा एक तापमापक चिकटवला. पाय आत असला की बूट गरम राहतो, बाहेर काढला की गार होतो, आणि त्याची नोंद होते. आठवड्यानं ती नोंद उघडली. बूट दिवसातून जेमतेम पाऊण तास गरम होता. बाबांची घराजवळच्या तळ्याभोवतीची रोजची फेरी तेवढीच होती.

"बाबा, उरलेला दिवस बूट कुठे असतात?" माझा पारा चढला होता.

"दारात. तू कपाट केलंयस ना, त्यात."

"आणि घरात?"

"घरात कसले बूट? स्वयंपाकघर ते बाल्कनी शंभर फेऱ्या घालतो रोज. शुगरसाठी. अनवाणीच." हे त्यांनी शाबासकी मिळणार अशा आवाजात सांगितलं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! एका फेरीपलीकडे घराबाहेर पडायची सोय नाही, माणूस दिवसभर घरातच चालणार, हे मला सुचलंच नव्हतं. दारात चपला काढायच्या हे माझ्याही इतकं अंगवळणी पडलेलं की घरात पायात काय घालता, हा पेशंटला विचारायचा पहिला प्रश्न मी बाबांना विचारला नाही. मला माझी लाज वाटली. तरी आवाज चढवला तो त्यांच्यावरच.

मग घरासाठी वेगळा जोड केला. हलका, मऊ तळाचा, रस्ता कधीच न बघणारा. बाबांनी मान डोलावली. मी बघत असले की घालायचे; माझा नवरा खोलीतून बाहेर आला की गुपचूप काढून सोफ्याखाली सारायचे.

"जावयाच्या घरात बूट घालून हिंडू?" ते मला हळूच म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

मी चिडले, विनवण्या केल्या, जखमेचा फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. काही उपयोग झाला नाही.

माझा नवरा बोलण्यात कंजूष. दुपारी दोन मीटिंगांच्या मध्ये तो बाहेर आला, सोफ्याखालून ते बूट काढले आणि बाबांच्या पायाशी जमिनीवर बसला. बाबांनी पाय झटकन वर घेतला. "अहो, हे काय करताय! जावयानं सासऱ्याच्या पायात..."

"लग्नात तुम्ही माझे पाय धुतलेत," तो म्हणाला. "मलाही लाजच वाटली होती. मी पाय मागे घेतला नव्हता."

बाबांनी हळूच पाय खाली ठेवला. नवऱ्यानं बूट चढवला, टाच नीट बसवली आणि पट्टा ओढला.

"घट्ट होतंय का?"

"मला कुठे कळतंय," बाबा म्हणाले. ते त्याच्या हाताकडे टक लावून बघत होते. "तुम्हीच बघा."

त्यानंतर ते बूट झोपतानाच निघू लागले. पानगळ सुरू झाली तेव्हा जखम भरली होती. अंगठा वाचला असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तसा बाबांनी खिशातून फोन काढून आधी जावयाला लावला. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.