भागीरथाची पाचर

भागीरथा,

परवा नागपूरबाहेर बेसा इथे माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं. पाहुण्यांना उतरायला हॉटेल घेतलं होतं, चकचकीत, दाराला किल्लीच्या जागी पत्त्याएवढं कार्ड. खाली माझी पिशवी यंत्रातून काढली, ओळखपत्राचा फोटो काढला, मग माझाही काढला. तेवढं सगळं सोसलं. दुपारी पदर सोडून जरा आडवी झाले होते. दारावर टकटक झाली आणि मी 'कोण' म्हणायच्या आत दार उघडून एक गृहस्थ आत. छातीवर नावाची पट्टी.

"सॉरी मॅडम, रूटीन चेक."

"मी आत आहे, दिसत नाही?"

"दिसलं ना मॅडम. म्हणून तर सॉरी म्हटलं."

पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कपाट उघडून पाहिलं आणि गेला. मी उठून दाराला खुर्ची लावली. मग तुझी इतकी आठवण आली की संध्याकाळच्या पंगतीतून मी अर्ध्यावरच उठले. तू गेलीस हे मला ठाऊक आहे. पण हा राग ज्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही असं एकच माणूस मला भेटलं होतं, म्हणून तुलाच लिहिते आहे. वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस, तेव्हा तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगणार. मधे बोलू नकोस.

तू खाप्याची. कन्हानच्या काठाला तुझ्या बापाचं, रुपरावजींचं, थोडं शेत. छप्पन साली तू बापाच्या धोतराचा सोगा घट्ट धरून नागपूरच्या त्या गर्दीत उभी राहिलीस आणि दीक्षा घेऊन घरी गेलीस. पुढे कॉलेजात माझ्या बाकावर आलीस. प्राध्यापकांनी 'शुद्ध बोला' म्हटलं की तू मुद्दाम आणखी खाप्याचं बोलायचीस. "समजलं ना तुमाले? मंग झालं." बी. ए. झाल्यावर मी लेक्चरर झाले, लग्न करून नागपुरातच, महाल वस्तीत, सासरी गेले. तू ग्रामसेविका झालीस आणि तुला पाठवलं पार सिरोंच्याकडे, जिथून नागपूर गाठायला एसटीत कंबर मोडून घ्यावी लागायची.

तिथल्या बायका दुखणी अंगावर काढायच्या. तू त्यांना उठवून, नवऱ्यांशी भांडून, नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, मेडिकलला, घेऊन यायचीस. कुणाच्या पोटात गाठ, कुणाचं अंग बाहेर आलेलं. ते तुझ्या नोकरीच्या कामात बसत नव्हतं, तरी तू करायचीस. बाई वॉर्डात भरती झाली की तुला रात्रीपुरतं छप्पर लागायचं. मी म्हटलं, महालात ये, आमचं घर आहे.

"तुझ्या सासूनं माझी कपबशी वेगळी ठेवली हाय, चारू. खिडकीत. लॉजमंधे कशी सगळ्याईची एकच राहते."

कपबशी खिडकीतच होती.

तेव्हा तू सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या लॉजमध्ये उतरायला लागलीस. नाव लिहीत नाही. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. एकटी बाई पाहून मॅनेजर वामनराव पहिल्याच दिवशी म्हणाला, "मिस्टर कुठं आहेत?"

"मिस्टर नाहीत. वॉर्डात एक पेशंट हाय, तिचे मिस्टर हायेत. ते चालतीन का?"

खोली दिली, पण तोंड वाकडं करून. आणि त्याच मुक्कामात ते झालं. प्रवासानं थकून तू भरदुपारी झोपली होतीस, दार आतून किल्लीनं लावून. त्या दारांना आतून कडी नव्हतीच; कड्या काढून टाकल्या होत्या, 'सुरक्षेसाठी'. कुणाची सुरक्षा ते विचारायचं नाही. जाग आली तर वामनराव तुझ्या खाटेजवळ उभा, हातात तांब्या. "पाणी ठेवायला आलो होतो," म्हणाला. तो गेल्यावर तू तांब्या पाहिलास. रिकामा होता.

हे तू मला सांगितलंस तेव्हा मी लगेच भांडायला निघाले होते. तू हात धरलास. "भांडून तो काय कडी लावून देनार हाय? मले फक्त येवढंच पायजे, मी आतून लावलेलं दार मीच उघडलं पायजे. बस." भागीरथा, जन्मभरात तू सरकारकडे, समाजाकडे, नवरा नावाच्या प्राण्याकडे काही मागितलं नाहीस. मागितलं ते एवढंच, आणि तेही लॉजच्या खोलीत, भाडं भरून.

घरी गेल्यावर तू बापाला सांगितलंस. रुपरावजी उठून अवजारांकडे गेले म्हणे. वखराची दांडी हलू नये म्हणून जी लाकडी पाचर ठोकतात, तशी बाभळीची एक त्यांनी घेतली, वाकसानं तासून एक बाजू उतरती केली, तळाला जुन्या टायरचा तुकडा चुका मारून बसवला आणि तुझ्या पिशवीत टाकली. "हे दाराखाली लावजो. बाहेरून हत्ती आला तरी दार सरकनार नाही." पुढच्या खेपेला तू मला ती लावून दाखवलीस. दार लोटायचं, पाचर फटीत ठेवायची आणि टाचेनं एक दणका द्यायचा. मग किल्ली असो नसो. तू खाटेवर बसून तिच्याकडे अशी पाहायचीस जशी बाकीच्या बायका नव्या बांगड्यांकडे पाहतात.

"हा माझा नवरा, पाय वं चारू. दारात झोपते, घोरत नाही, सकाळी चहा मागत नाही."

काही वर्षं त्या पाचरीवर निभावली. वामनरावानं एकदोनदा किल्ली फिरवून पाहिली असणार, कारण त्याचं तोंड दर खेपेला आणखी वाकडं होत गेलं.

मग त्र्याहत्तरचा डिसेंबर. विधिमंडळाचं अधिवेशन भरलं होतं, शहरभर मोर्चे, आणि पोलिसांना हुकूम सुटला की लॉज तपासा, बाहेरगावचे कोण उतरलेत पाहा. तपासा ना. नाव विचारा, गाव विचारा, पिशवी बाहेर आणायला सांगा. त्याला माझी ना नव्हती, तुझीही नव्हती. त्या दिवशी तू आणलेल्या बाईचं ऑपरेशन होतं. मी वॉर्डातल्या तिच्या सोबतिणीसाठी डबा तुझ्याकडे द्यायला सकाळीच लॉजचा जिना चढले तर वामनराव तुझ्या दारावर थापा मारत होता. मागे हवालदार चंद्रभान, काखेत टोपी, आधीच्या खोल्यांतून हिंडून कंटाळलेला.

आतून तुझा आवाज आला. "न्हाऊन राहिली. थांबा."

"चेकिंग आहे बाई. सरकारी काम आहे."

"अंगाले साबण हाय. सरकारले म्हना, जरासंक उभं राय."

चंद्रभान हसला. तो थांबलाही असता, अजून मला वाटतं. पण वामनरावानं खिशातून दुसरी किल्ली काढली. कुलूप फिरलं, दार दोन बोटं सरकलं आणि अडलं. त्यानं खांदा लावला. दार हललं नाही. आणि मग त्या माणसाच्या डोक्यात जो उजेड पडला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"हवालदारसाहेब, आत माणूस आहे. बाई न्हाते म्हणते, मग दार कोण धरून उभा आहे?"

म्हणजे बघ. दार बंद राहिलं, तर ते बाईनं बंद ठेवलं असेल हे त्या दोन शहाण्यांना सुचेना. धरायला पुरुषच हवा. मी मधे गेले. "आत कोणी नाही. पाचर आहे."

"कसली पाचर?"

"लाकडाची. दाराखाली लावलेली."

"बाईमाणूस पाचर कशाला जवळ ठेवील?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

चंद्रभाननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"लेक्चरर."

"मग कॉलेजात जा ना मॅडम."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. माझा दंड धरून मला बाजूला केलं. डबा जिन्यावरून घरंगळला, खिचडी पायऱ्यांवर. आत तू ओरडत होतीस, "थांबा, लुगडं नेसू द्या, मी सोता उघडते," ते तिघांनाही ऐकू येत होतं. दोघांनी मिळून धडक दिली. रुपरावजींची पाचर तसूभर सरली नाही. दाराची फळी चिरली, बिजागरी उपटली आणि दारच वरून आत कोसळलं.

तू भिंतीला टेकून उभी होतीस. परकर छातीपर्यंत ओढलेला, केसांतून पाणी गळतंय, एका कानात साबणाचा फेस, पुढे धरलेलं लुगडं. मी धावत जाऊन तुझ्यासमोर उभी राहिले, पण दोन बायकांनी मिळून किती झाकणार. चंद्रभाननं खाटेखाली पाहिलं, न्हाणीत डोकावला. वामनरावानं तुझी पिशवी खाटेवर उपडी केली. पोलिसानं करायचं काम हा करत होता आणि पोलीस त्याला करू देत होता. पोलकं, फणी, औषधाची चिठ्ठी, आणि महिन्याच्या घड्या, धुऊन वाळवून नीट गुंडाळलेल्या. त्या त्यानं एकेक उलगडून पाहिल्या. मी त्याला काय काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही.

तू मात्र ओरडायची थांबली होतीस. अगदी सावकाश म्हणालीस, "माणूस सापडला का, दादा? सापडला असल तं मलेही दाखवा. इतक्या वर्षांत मले तं नाही सापडला."

चंद्रभान ओशाळला. पण दार तुटलं होतं, आणि तुटलेल्या दाराला गुन्हेगार लागतो. त्यानं खाली वाकून पाचर उचलली. "हे काय आहे?"

"वखराची पाचर. तुमच्या घरी वखर नाही का गा?"

त्यानं ती हातात फिरवली, अंगठा उतरत्या बाजूवरून नेला. त्याच्या हाताला ती काय आहे ते कळलं होतं. शेतकऱ्याचाच हात होता तो. तरी म्हणाला, "सरकारी तपासाला अडथळा. ठाण्यात जमा होईल. मालकिणीनं स्वतः येऊन घेऊन जायची. जमा वस्तू मंगळवारीच मिळतात."

त्या दिवशी ठाण्यात जायला वेळ नव्हता. वॉर्डात तुझी बाई घाबरून बसली होती. ओल्या केसांनी तू मेडिकलच्या रिक्षात चढलीस आणि मला म्हणालीस, "बाबाले नको सांगू. त्याले वाटंल, त्याच्या पाचरीनंच दार तुटलं. आपण दोघी जाऊ ठाण्यात. तू इंग्रजी झाड, बाकीचं मी पाहीन."

नंतर वामनराव की चंद्रभान, कुणी चुगली केली कोण जाणे, तुझ्या ऑफिसात बातमी गेली. साहेबानं आदेश काढला: महिला कर्मचाऱ्यांनी लॉजमध्ये मुक्काम करू नये, त्यांच्या सुरक्षिततेसाठी. दार तोडणाऱ्यांना कुणी आदेश काढला नाही. तू बायका आणायची थांबली नाहीस. तू वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, नातेवाइकांच्या रांगेत सतरंजी टाकून झोपायला लागलीस. जिला एक दार हवं होतं तिला त्यांनी बिनदाराच्या जागी झोपवलं. मी एकदा तुला तिथे पाहिलं आणि रडकुंडीला आले. तू म्हणालीस, "इथं बरं हाय. तपासाले काहीच नाही."

पुढच्या उन्हाळ्यात रुपरावजी अचानक महालात आले. अंबाडीची भाजी घेऊन. पाचर माझ्याकडे ठेवली आहे असं तू त्यांना सांगितलं होतंस. टोक झिजलं असेल तर तासून देतो, म्हणाले. मी म्हटलं, कालच भागीरथा घेऊन गेली. सासूबाई खिडकीतली कपबशी काढायला उठल्या, तेव्हा मी त्यांच्या आधी जाऊन घरातली कपबशी घेतली. म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला आणि विचारलं, "टिकली ना वं बाई?"

"पाचर टिकली," मी म्हटलं.

त्यांनी समाधानानं मान हलवली.

आणि आपला मंगळवार. तुझ्या नोकरीच्या गावचा आठवडी बाजार मंगळवारी, आसपासच्या पाड्यांतल्या बायका त्याच दिवशी तुला भेटायच्या, तो तुला सोडता येईना. मी एकटी जाऊन पाहिलं. मालकीण आणा, म्हणाले. वर्षं गेली. चौऱ्याऐंशी साली तू नोकरी सोडलीस, बाप थकला म्हणून खाप्याला येऊन स्वतः वखर धरलास, आणि मला निरोप पाठवलास: आता माझे सगळे मंगळवार रिकामे हायेत, संक्रांतीनंतरचा धर. मी धरला. संक्रांतीच्या आधीच तुझा भाऊ दारात उभा राहिला आणि तू गेल्याचं सांगितलं. शेतातच, दुपारी, छातीत कळ येऊन.

ठरल्या मंगळवारी मी गेले. बाकावर बसवून ठेवलं, मग एका जमादारानं विचारलं, मालकीण कुठं आहे. वारली, मी म्हटलं. मग घरच्या माणसाला पाठवा, म्हणाला, भाऊ नाहीतर बाप, कशासाठी जमा झाली ते त्यांना सांगू आणि देऊ.

रुपरावजी अजून होते, आणि पाचर टिकली एवढंच त्यांना ठाऊक होतं. पाचर तिथेच राहू देऊन मी बाकावरून उठले.