फाटकापाशी जांभळ्या बाटल्या

आयटीतली पहिली नोकरी लागली आणि मी एक जुनी गाडी घेतली. तिचं बॉनेट गंजून चाळणी झालेलं. नवं परवडेना, म्हणून फायबरचं बॉनेट घरीच करायचं ठरवलं. कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत एरवी प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारी माणसं होती. तेव्हा मात्र मला कोणीच अडवलं नाही, याचा आजही राग येतो.

स्वस्त सामान मिळालं ते वारज्याच्या पुढे, पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका शेडमध्ये. काचेच्या धाग्यांच्या कापडाचे उरलेले तुकडे, डबाभर रेझिन, आणि ते घट्ट व्हावं म्हणून त्यात घालायची दोन रसायनं: जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर. सुटं घेतलं तर स्वस्त, बाटल्या मात्र आपल्या न्यायच्या. मी पिण्याच्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या नेल्या.

शेडमालक म्हणाला, "ही दोन एकमेकांत वतायची न्हाईत. भडका उडतो. आमच्या एका माणसाचा डोळा गेलाय. आन हे पाण्यावानी हाय ना, पोटात गेलं तर माणूसच जातो."

मी मान डोलावली आणि घरी येऊन दोन्ही बाटल्या, साधी चिठ्ठीही न लावता, गॅलरीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर फाटकापाशी वडील उकिडवे बसलेले. कुत्र्यांनी तिथे घाण करू नये म्हणून रंगीत पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. वडिलांसमोर तशा चार बाटल्या होत्या, हातात नरसाळं आणि नरसाळ्यात जांभळं कोबाल्ट.

"हा तुझा रंग बघ," ते म्हणाले. "पाण्यात मिसळत नाही, नुसता वर तरंगतो. विकत आणलास, की कोणी टाकलेला उचललास?"

"बाबा, याच्या शेजारची दुसरी बाटली कुठाय?"

"पाण्याची ना? आईला आणायला सांगितलीय. नळाचं पाणी जड असेल, तुझं विकतचं ओतून बघतो."

मी जिन्याकडे धावलो. आई पायऱ्या उतरत होती, बाटली तिच्या हातात होती आणि ती पदराने तोंड पुसत होती. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. बाटली हिसकावून घेतली आणि ओरडलो, "प्यायलीस? खरं सांग, प्यायलीस का?"

"कसली पितेय! तहान लागली होती, पण झाकण उघडेल तर ना. घाम फुटला मला. म्हटलं, खाली ह्यांच्याकडून उघडून घ्यावं, आधी दोन घोट प्यावेत आणि मग द्यावी त्या कुत्र्यांना."

स्कूटरवर सांडू नये म्हणून ते झाकण मी येताना पक्कडीने आवळलं होतं. शहाणपणा म्हणून नव्हे, सामान वाया जाऊ नये म्हणून.

मी पायरीवर बसलो आणि हुंदके देऊन रडायला लागलो. आई घाबरून पाठीवरून हात फिरवू लागली. वडील नरसाळं घेऊन आले.

"अरे, एवढं काय त्यात? देईन तुला दुसरा रंग आणून," ते म्हणाले. "पण या वेळी मी बरोबर येईन. तुला कोणीही फसवतं."